डिस्पोजलचा ट्रक आणि युनूसभाई

युनूसभाई गेल्याचं मला आण्णांनी फोन करून कळवलं, यातच सगळं आलं. माझे वडील मोबाइल फक्त आलेला फोन घ्यायला वापरतात, स्वतःहून कुणाला लावत नाहीत. आमच्या चाकणच्या कंपनीत मशीनपाशी फोन न्यायला बंदी. जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडला तर त्यांचे सात मिस्ड कॉल. घाबरून लावला, तर म्हणाले, "युनूस गेला गं. पहाटं झोपेतच... मी चाललोय मातीला. तू थेट तिकडंच ये." मी पोचले तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे आण्णा शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून माझ्याआधी कबरस्तानात हजर होते आणि एका कडेला उभे होते. तीन वर्षांपूर्वीपर्यंत हेच आण्णा युनूसभाईंच्या गॅरेजवरून जायला नको म्हणून चऱ्होलीतून लांबचा रस्ता घ्यायचे. का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

मला माहीत होता तो फक्त ट्रक. लष्करानं लिलावात काढलेल्या गाड्यांना आमच्याकडे डिस्पोजलच्या गाड्या म्हणत. तसला एक हिरवा, बोकडासारख्या नाकाचा ट्रक गावच्या खडीमशीनवाल्या मालकांनी घेतला होता आणि आण्णा त्यावर ड्रायव्हर होते. मी नववीत असताना एका दुपारी आण्णा चहाला उतरले, परत येऊन स्टार्टर दाबला, 'खट्' असा आवाज झाला आणि ट्रक बंद पडला तो कायमचाच. समोरून लोखंडी हँडल मारून पाहिलं, ते जागचं हलेना. मिस्त्री आला, त्यानंही हँडल मारलं आणि म्हणाला, "इंजिन बसलं." म्हणजे आतून तापून जाम झालं. मालकांनी ठरवून टाकलं की ड्रायव्हरनं पाण्याशिवाय गाडी हाणली. आण्णा सांगत राहिले की सकाळी पाणी मी माझ्या हातानं भरलं होतं... पण मिस्त्रीच्या एका शब्दापुढं ड्रायव्हरचं कोण ऐकतं? त्या दिवसापासून आण्णांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. भोसरीतल्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून राहिले आणि निवृत्त होईपर्यंत दुसऱ्यांचे ट्रक आत सोडत राहिले. गावात त्यांची ओळख मात्र 'इंजिन बसवलेला ड्रायव्हर' हीच राहिली. लग्नात जेवायला बसलं तरी कुणीतरी हसत विचारायचं, "आण्णा, पाणी घेतलं का?" त्यावर आण्णाही हसायचे. मला त्या हसण्याचा फार राग यायचा.

युनूसभाई माझी स्कूटी दुरुस्त करायचे. आळंदी रस्त्याला त्यांचं पत्र्याचं गॅरेज. बारीक अंगाचा, चष्म्याला दोरी बांधलेला माणूस. गाडी दिली की लगेच पाना घ्यायचे नाहीत, आधी चौकशी करायचे. आवाज कधी येतो, सकाळी का दुपारी, चढाला का उताराला, मागे कोण बसलेलं असतं... एकदा मी वैतागून म्हटलं, "भाई, गाडी दुरुस्त करताय का लग्न जमवताय?" तर म्हणाले, "ताई, गाडी बंद का पडली ते कळल्याबिगर ती चालू केली, तर ती दुरुस्ती न्हाई, नशीब हाय." मी क्वालिटीत आहे. आमच्याकडे खराब माल निघाला की 'व्हाय-व्हाय' नावाचा फॉर्म भरतात. 'का' असं एकाखाली एक पाच वेळा विचारायचं आणि मुळाशी जायचं. बहुतेक जण तिसऱ्या 'का'लाच 'ऑपरेटरची चूक' लिहून मोकळे होतात. युनूसभाईंकडे फॉर्म नव्हता, पण त्यांचे पाच 'का' खरे असायचे.

तीन वर्षांपूर्वी खडीमशीनच्या मालकांच्या मुलानं मशीनची जमीन सोसायटीला द्यायची ठरवली. तिथं बाभळीत तेव्हापासून उभा असलेला ट्रक कापून कुदळवाडीच्या भंगारात जाणार, अशी बातमी गावभर झाली. त्याच आठवड्यात युनूसभाईंनी मला हटकलं. "ताई, तुमच्या आण्णांचा ट्रक मला एकदा बघायचाय. मालकाकडं शब्द टाका." मी म्हटलं, त्यात बघायचं काय, इंजिन बसलंय. "व्हय. पर का बसलं?" मी हसले, आणि मग हसू आवरलं, कारण इतक्या वर्षांत हा प्रश्न आमच्या घरातही कुणी विचारला नव्हता. मालकांचा मुलगा भला निघाला. म्हणाला, न्या, तेवढाच जेसीबीचा त्रास वाचेल.

ट्रक ओढून गॅरेजसमोर आणला. त्यानंतर माझे रविवार तिथेच जायला लागले. मला यंत्रातलं कळतं ते मापापुरतं, पण त्या माणसाचं बघणं बघायला मजा यायची. बॉनेट उघडल्यावर आत साळुंकीचं रिकामं घरटं निघालं. ते त्यांनी जपून काढलं आणि खिडकीत ठेवलं. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडलं, आठ दिवस हातही लावला नाही. मग हँडल मारलं. हललं नाही. शेजारचा वेल्डर म्हणाला, "चाचा, बसलंय ते, सोडा आता." युनूसभाईंनी प्लगच्या भोकातून बॅटरी मारून बघितलं. आतून भिंती गुळगुळीत, कुठं ओरखडा नाही. तेलाचा चेंबर खोलला, बेअरिंगं धडधाकट. पाण्यावाचून तापलेल्या इंजिनाची एकही खूण नव्हती. तरी हँडल हलत नव्हतं. मला आठवतं, ते चटईवर मांडी घालून बसले आणि ट्रककडे इतकं टक लावून बघत राहिले की चहा गार झाला. मग उठले, स्टार्टरवरची माती चिंधीनं पुसली. त्याच्या टोकाला पत्र्याची एक छोटी टोपी होती. ती काढली, तर आत चौकोनी टोक. त्यावर पाना लावून त्यांनी पाव वळसा दिला... 'टक्'. एवढाच आवाज. पुढे जाऊन हँडल मारलं, तर इंजिन भाकरीच्या पिठातल्या हातासारखं सहज फिरलं.

मी टाळी वाजवली. युनूसभाई खाली बसले आणि डोकं धरलं. "ताई, बसलंच नव्हतं. स्टार्टरचा दात इंजिनच्या चक्रात अडकला होता नुसता. ह्या गाड्यांत होतं असं. म्हणून तर मिल्ट्रीवाल्यांनी टोपीखाली ते टोक ठेवलंय." मी विचारलं, मग तेव्हाच्या मिस्त्रीला कसं कळलं नाही? त्यांनी पत्र्याची टोपी हातात उलटीपालटी केली. मग म्हणाले, "त्यो मिस्त्री मीच. बावीस वर्षांचा व्हतो, नवं गॅरेज. टोपी बघितली बी न्हवती. गाडी गिअरात टाकून मागं ढकलली असती तरी दात सुटला असता... मालक वाट बघत उभे. न्हाई कळत म्हणायची लाज वाटली. म्हणून बसलं म्हनलो."

मी त्यांच्यावर चिडले. खोटं कशाला सांगू, पाना उचलून फेकावासा वाटला. पण त्यांनी एवढंच विचारलं, "आण्णा सकाळी किती वाजता भेटतील?"

दुसऱ्या दिवशी ते आमच्या ओट्यावर आले. उभ्यानंच सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. माफीही मागितली. आण्णा ऐकून आत गेले आणि दार लावून घेतलं. दिवसभर जेवले नाहीत. मला वाटलं, हे सांगायलाच नको होतं. जन्मभर पाठीवर घेतलेली चूक आपली नव्हतीच, आणि ती पाव वळशात सुटणारी होती, हे या वयात कळून माणसानं करायचं काय? तिसऱ्या दिवशी आण्णा बूट घालून निघाले. आयुष्यात पहिल्यांदा युनूसभाईंच्या गॅरेजात शिरले आणि म्हणाले, "टोपी दाखव." त्यांनी दाखवली. "पाना कुठल्या बाजूला फिरवला?" तेही दाखवलं. त्या दिवसापासून दोघं रोज भेटायला लागले. माफी दिली का, हे मी कधी विचारलं नाही. त्यांचं भांडण मात्र रोज व्हायचं, कार्बोरेटरवरून नाहीतर तेलाच्या जाडीवरून.

दोन महिन्यांनी ट्रक चालू झाला. काळ्या धुराचा लोट उठला, समोरच्या हॉटेलातली माणसं खोकत बाहेर आली. आण्णा स्टिअरिंगवर, युनूसभाई पायरीवर उभे. वीसेक पावलं गाडी पुढं गेली आणि आण्णांनी इंजिन चक्क बंद केलं. युनूसभाई ओरडले, "आवो, कशाला?" आण्णा चहाला उतरल्यासारखे खाली उतरले, पुन्हा चढून बसले आणि स्टार्टर दाबला. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. जमलेल्या लोकांना त्यात विशेष काही दिसलं नसावं. युनूसभाईंनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

ट्रक तिथेच गॅरेजसमोर राहिला. दर शुक्रवारी नमाज पढून आले की युनूसभाई तो दहा मिनिटं चालू ठेवायचे. ते गेल्यावर पाच शुक्रवार तसेच गेले. गेल्या शुक्रवारी आण्णाच म्हणाले, चल. मी सुट्टी टाकली. युनूसभाईंच्या बेगमनी किल्ली दिली. आण्णा चढले, स्टार्टर दाबला... 'खट्'. पुढे काही नाही. आण्णा शांतपणे उतरले, पाना घेतला आणि बॉनेट उघडलं.

आत, त्या टोपीच्या वर, लाल ऑइलपेंटनं बाण काढला होता. खाली युनूसभाईंच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं : 'बसलं म्हणायच्या आधी इथं बघा. मी बघितलं न्हवतं. युनूस मिस्त्री.' कधी लिहिलं होतं कोण जाणे. आण्णांनी चष्मा वर-खाली करत ते दोनदा वाचलं. मग टोपी काढून पाना लावला आणि इंजिनात वाकूनच, समोर माणूस असल्यासारखं म्हणाले, "बघतोय रे, बघतोय."