दहा मोजायच्या आत

"मॅडम, अजून पक्कं नाही."

हे म्हणताना ती उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवरून हळूहळू फिरवायची. माझा प्रश्न कधीच संपलेला असायचा, वर्गातल्या सात-आठ जणांनी चुकीची उत्तरं देऊन टाकलेली असायची, आणि ही बया आपली अंगठा फिरवत उभी. उत्तर तिला ठाऊक आहे हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसायचं, पण तोंड उघडायची नाही. मी मुळात तापट. माझ्या डोक्यात तिडीकच जायची.

मी बुऱ्हाणपूरच्या एका शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. शाळा हिंदी, स्टाफरूम हिंदी; पण घरी मराठी बोलणारी मुलं माझ्याशी मराठीतच बोलतात आणि मी रागावते तेही मराठीतच. एके वर्षी मेंदूशास्त्राच्या शालेय स्पर्धेचं पत्रक आलं. प्राचार्यांनी ते न वाचताच माझ्याकडे सरकवलं आणि 'देख लीजिए' म्हणून फोन उचलला. त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये मी भेजेवाली मॅडम झाले.

तयारी कशाच्या जिवावर करायची? शाळेत प्लास्टरचा एक मेंदू होता, त्यातला लहान मेंदूचा तुकडा मी नोकरीला लागण्यापूर्वीच हरवला होता. कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली ज्या सरांकडे, ते कायम कुठल्यातरी सर्वेक्षणाच्या ड्यूटीवर. शेवटी मी माझ्या फोनवर इंग्रजी धडे उतरवून घेतले आणि सात मुलं त्या एका फोनभोवती डोकी घालून बसू लागली. चिडचिड व्हायची, पण पोरं हुशार निघाली हो. जिल्ह्यातून पहिल्या पाचात तीन आमची आली. पेपरात फोटो आला तेव्हा त्या मुलांपेक्षा प्राचार्यच जास्त ठळक दिसत होते.

त्या तिघांत पहिली ही. देडतलाईच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातून तासभर बस करून यायची. दोन वेण्या, आवाज इतका बारीक की तिच्या बाकापर्यंत जाऊन ऐकावं लागायचं. हरवलेला लहान मेंदू तिनंच मातीचा करून आणला, वाळवून, रंगवून, मोजून मापून. मी सगळ्यांसमोर कौतुक केलं, तर म्हणाली की खरा पाहिलेला नाही, त्यामुळे बरोबर झालाय का ते पक्कं नाही.

असं कुणी तुमच्याही पाहण्यात असेल. साधं काही विचारावं तर धड हो नाही की नाही नाही. एकदा मी घाईत तिला विचारलं, प्राचार्य आत आहेत का? तिनं दाराकडे नीट पाहून सांगितलं, "चपला बाहेर आहेत, मॅडम. ते आत आहेत का, ते पक्कं नाही." मी कपाळाला हात लावला. आत खरंच कुणी नव्हतं, साहेब शिपायाच्या चपला घालून कँटीनला गेले होते. पण ते सोडा.

खरं दुखणं पेपरातलं होतं. ज्या प्रश्नाची खात्री नाही, तो ती कोरा सोडायची. या स्पर्धेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. चार पर्याय असतात, कुठलाही ठोकून दिला तरी चारातून एकदा लागतो. हे मी तिला फळ्यावर लिहून, हात जोडून, ओरडून, सगळ्या प्रकारे सांगितलं. ती मान डोलवायची आणि पुढच्या सराव पेपरात पुन्हा नऊ जागा कोऱ्या. एकदा तिनं एक फारच सोपा प्रश्न सोडला म्हणून मी तिला पोटभर बोलले. घरी जाऊन पाहिलं तर मी छापून दिलेल्या चारही पर्यायांत बरोबर उत्तरच नव्हतं. हे मी तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, पण त्या दिवशी मी इतकं बोलून बसले होते की माघार घ्यायला तोंड नव्हतं.

मग मी तिच्या वडिलांना शाळेत बोलावलं. ते बागेतूनच आले, शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग. त्यांचं काम म्हणजे व्यापाऱ्याच्या वतीनं केळीच्या बागा पाहत फिरायचं आणि कुठला घड कापायला झाला ते सांगायचं. केळ्याच्या कडा गोल झाल्या की नाही हे ते बोटांत धरून चाचपतात. कच्चा माल कापला गेला तर दिल्लीपर्यंत जाऊनही तो धड पिकत नाही. मी पोरीची तक्रार केली, तर त्यांना त्यात तक्रार कुठे आहे हेच कळेना.

"हात लावल्याशिवाय मी पण नाही सांगत, मॅडम," ते म्हणाले. "एकदा घड कापला, का तो परत झाडाला लागत नाही."

घ्या. म्हणजे हे घराणंच तसलं. पण जाताना ते दारात थबकले आणि म्हणाले, शाळेचं तुम्हाला जास्त समजतं, तुम्ही म्हणाल तसं ती करेल.

राज्याची फेरी इंदूरला होती. तिथं पहिल्या येणाऱ्याला देशपातळीवर जायला मिळणार होतं आणि त्याआधी आठ दिवस एका वैद्यकीय महाविद्यालयात राहायचं होतं. तिला देशपातळीचं काही नव्हतं. तिचा जीव त्या आठ दिवसांत अडकला होता, कारण तिथं खरा मेंदू हातात घ्यायला देणार होते. एरवी आपणहून काही न बोलणारी ती मला तीनदा विचारून गेली, खरंच हातात देतात का, मॅडम? किती जड असतो? मी म्हटलं, पहिली ये, मग तूच मला सांग.

तीन आठवडे मी तिला अक्षरशः घोटलं. रोज शाळा सुटल्यावर मी स्टीलची पट्टी घेऊन तिच्यासमोर बसायची. प्रश्न विचारायचा आणि टेबलावर पट्टी आपटत दहा मोजायचे. दहाच्या आत उत्तर आलंच पाहिजे, चूक असलं तरी चालेल. पहिल्या आठवड्यात ती नुसती घामेजायची. दुसऱ्या आठवड्यात आठ-नऊला उत्तर यायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात माझे पाच होईस्तोवर ती बोलून मोकळी व्हायची आणि अंगठा फिरवायचा थांबला. मी स्टाफरूममध्ये जाऊन फुशारकी मारली की पोरीला शेवटी वळण लावलं.

इंदूरला सकाळी लेखी पेपर झाला. एकही जागा कोरी नाही. यादी लागली तेव्हा ती पहिली होती, दुसऱ्या आलेल्या मुलाहून चांगले सात गुण वर. मला आकाश ठेंगणं झालं. आता दुपारची फक्त रुग्णांची फेरी उरली होती. तिथं मेडिकलची मुलं खोटे रुग्ण होऊन बसतात. स्पर्धकानं पाहायचं, विचारायचं आणि काय झालंय, कुठे बिघडलंय ते लिहायचं. ती जिना चढत असताना मी तिचा दंड धरला.

"आज एक जागा जरी कोरी सोडलीस ना, तर माझ्याशी बोलू नकोस."

ती "हो मॅडम" म्हणाली आणि वर गेली.

पहिले दोन रुग्ण तिनं झटक्यात ओळखले. तिसरी एक बाई होती, उजवा पाय ओढत चालणारी, चालताना पायातली चप्पल निसटणारी. बाकी माहिती जवळजवळ काहीच नाही. जे विचारावं त्याला बाई 'आठवत नाही' म्हणायची. हिनं लिहिलं, गुडघ्याच्या बाजूला नस दबली आहे. आमच्याकडे दिवसभर उकिडवं बसून निंदणी करणाऱ्या बायकांचं असं होतं, तिच्या काकूचं झालं होतं. उत्तर काही वेडगळ नव्हतं. पण पाय असा ओढण्याचं कारण गुडघ्यात असू शकतं, कमरेत असू शकतं आणि क्वचित मेंदूतही असू शकतं. परीक्षकांनी हा रुग्ण मुद्दाम तसा ठेवला होता. एवढ्यावरून सांगता येत नाही, अमुक तपासण्या हव्यात, असं ज्यांनी लिहिलं त्यांना पूर्ण गुण, आणि ज्यांनी छातीठोक निदान केलं त्यांना भोपळा.

ती दुसरी आली. दोन गुणांनी.

मी परीक्षकांशी भांडायला गेले. भल्या बाई होत्या, त्यांनी पेपर काढून माझ्यासमोर ठेवला. वर पेन्सिलीनं बारीक अक्षरात तिन्ही जागा लिहिलेल्या होत्या. गुडघा, कंबर, मेंदू. त्याखाली, अजून तपासावं लागेल. मग पहिला शब्द सोडून बाकी सगळं खोडलेलं, आणि त्या शब्दाभोवती एक गोल. परीक्षक म्हणाल्या, "इसको सब आता था. फिर काटा क्यों?" मला उत्तर ठाऊक होतं, आणि ते द्यायची माझी हिंमत झाली नाही. माझा राग आता कुणावर काढू हेच मला समजेना. इतकी वर्षं रागावते मी, पण इतकी असहाय कधी झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं परत निघालो. खंडव्याला मी चहा घेतला नाही, तर तिनंच माझ्यासाठी बिस्किटाचा पुडा आणला. दुपारी बुऱ्हाणपूरच्या स्टँडवर उतरलो तर वडील उभे होते, स्वच्छ धुतलेला शर्ट घालून. त्यांनी तिला नाही, मला विचारलं, काय झालं, मॅडम?

सांगायचं होतं मला. तीन आठवड्यांच्या पट्टीचं, जिन्यावरचं, सगळं. ओठावर आलं होतं. पण त्या माणसाच्या नजरेत माझ्याबद्दल इतका विश्वास होता की मी म्हणाले, "हिनं जरा घाई केली हो."

ते आश्चर्यानं मुलीकडे पाहू लागले. त्यांच्या घरात असं कधी कुणी केलं नसावं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. ती सहज म्हणू शकली असती, मॅडमनीच सांगितलं होतं.

"हो, पप्पा," ती म्हणाली. "घाई केली मी."

बारावीत पुन्हा पत्रक आलं. मी फॉर्म घेऊन तिच्या बाकापाशी गेले. म्हटलं, या वेळी तुझ्या पद्धतीनं कर, मी मध्ये पडणार नाही. तिनं फॉर्म हळूच परत केला. "नको मॅडम. माझ्याकडून घाई होते." मी बोलले ते खोटं या पोरीनं खरं मानून घेतलं होतं, आणि मी तिथंही नुसता फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला.

आता ती जबलपूरला फिजिओथेरपी शिकते. स्पर्धांना दरवर्षी माझी मुलं जातात, बक्षिसंही आणतात. पट्टी मी घेत नाही, पण त्यानं काही फिटत नाही.

गेल्या महिन्यात बाजारात तिचे वडील भेटले. ती दिवाळीला येणार म्हणून खुशीत होते. अभ्यास बरा चाललाय, सगळं ठीक आहे, म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, त्या इंदूरच्या वेळेचं अजून मनात राहिलंय. पुढे खरे पेशंट येतील तिच्या हाताखाली, तेव्हा असं व्हायला नको.

"ती आली का तुम्हीच सांगा तिला, मॅडम, घाई करत नको जाऊ म्हणून. आमच्यापेक्षा तुमचं ऐकते ती."

मी "सांगते" म्हटलं आणि ऑटोला हात केला.