नैरोबीत दोनदा पडलेल्या अक्षता

जालन्यात बसून मी नैरोबीतलं एकच लग्न दोनदा लावलेलं आहे.

नैरोबीला माझ्या नणंदेच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. तिथला भटजी गुजराती, मराठीचा गंध नाही. वन्संनी टपालानं कळवलं, 'मंगलाष्टकं तू रच, चालही लिहून पाठव. धाकटी शांता म्हणेल. विहीणबाई पुण्याच्या, आपल्याला मोगलाईतले अडाणी समजतात. माझं नाक राख!'

मी पेटी शिकलेली (म्हणजे तीन राग, बाकी आत्मविश्वास). नाक राखायला बसले. आमचे 'हे' तेव्हा निजामाच्या तहसील कचेरीत कारकून. त्यांचा एकाच ओळीत खाने छापलेला लांबलचक कागद घेतला. प्रत्येक खान्यात वर सूर, खाली शब्द. शिवाय शांताला बजावलं, 'एकही खाना सोडू नकोस, मध्ये थांबू नकोस!'

लग्नानंतर वन्संचं पत्र आलं. हे वाचता वाचता थांबले.

"काय गं, पहिल्या खान्यात काय लिहिल्तं तू?"

"राजूरच्या गणपतीला वंदन. अगदी खालच्या सुरात."

"मंग पोरीनं 'सावधान'पासून कशी काय सुरुवात केली?"

"अहो, सावधान शेवटी! वरच्या षड्जावर!"

"पहिला खाना कोणत्या हाताला धरल्ता?"

"उजव्या. कागदावर एकचा आकडा तिकडंच होता!"

"अगं, तो उर्दूचा कागद! उर्दू उजवीकडून चालती, मराठी न्हाई!"

(मी चार इयत्ता उर्दू शाळेत काढलेल्या. हात आपोआप तिकडंच गेला!)

शांताचं मराठी आईचा ओरडा समजण्यापुरतं. तिनं डावीकडून वाचलं. अंतरपाट धरला आणि पोरगी पहिल्याच दमात किंचाळली, "शुभमंगल सावधान!" भटजीला नेमकं तेवढंच कळत होतं! त्यानं अंतरपाट ओढला. अक्षता पडल्या, हार पडले, बँड वाजला. शांता थांबेना. सूर एकेक पायरी खाली उतरत, विहिरीतून बोलल्यासारखा, राजूरच्या गणपतीपाशी पोचला. पाहुण्यांना वाटलं, आत्ता कुठं सुरुवात! सगळे हात जोडून पुन्हा उभे!

विहीणबाईंनी घड्याळ पाहिलं. "मुहूर्ताला सात मिनिटं बाकी आहेत! हे लग्न लागलं की नाही?"

पोरीचा संसार माझ्या सरगमीत अडकलेला! पण वन्सं पक्क्या जालन्याच्या.

"असं काय करता विहीणबाई? आमच्या जालन्याची रीतच हाय ती. पहिल्या अक्षता सरावाला, दुसऱ्या मुहूर्ताला!"

सतरंजीवरच्या अक्षता गोळा झाल्या, हार उतरवून पुन्हा घातले, आणि ह्या वेळी 'सावधान' एकट्या भटजीनंच म्हटलं. शांताच्या तोंडात लाडू कोंबलेला होता.

मागच्या वर्षी नैरोबीच्या एक बाई घरी आल्या. म्हणाल्या, तिकडं आता बऱ्याच मराठी लग्नांत अक्षता दोनदा टाकतात.

"काकू, ही जालन्याची रीत किती जुनी हो?"

ह्यांना चहाचा ठसका लागला.

"निजामाच्या काळातली," मी गंभीरपणे म्हटलं. खोटं कशाला बोला? कुणी पाडली, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही आपणहून श्रेय घेतलं नाही!