लुगड्यापासून सरकीपर्यंत

वैरागडे मास्तरांची आणि माझी पहिली भेट नेमकी कुठे झाली, हे लिहायला बसलो आणि गोंधळलो. पवनारच्या मोटारीत, की वर्ध्याच्या शाळेत? मोटारीतच असावी, त्यांच्या मांडीवर रंगाचे डबे होते आणि मी खिडकीपाशी क्रमिक पुस्तकातली एक कविता गुणगुणत होतो. "थांबू नका जी, गुरुजी," ते म्हणाले. तेव्हापासून मी थांबलेलो नाही.

स्वातंत्र्यानंतर चारपाच वर्षांनी आमच्या लहानशा संग्रहालयात कापसाचे दालन निघाले. मांडणी आणि फलक मास्तरांचे, फलकांखालची कडवी माझी. दालन लोकांना उमगले नाही, तर ती खोली कापसाच्या गाठी ठेवायला देऊ, असे संग्रहालयाच्या चिटणीसांनी बजावले होते. मास्तरांनी शुभारंभ उजव्या हाताने म्हणून दाराच्या उजवीकडे सरकी मांडली. मग बोंड, पिंजलेल्या कापसाचे पेळू, सूत, आणि फिरून दाराच्या डावीकडे लुगडे. प्रत्येक फलकावर पुढचा फलक दाखवणारा हात रंगवला. मधोमध मोठा चरखा.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बाजाराहून परतणाऱ्या बायका डोकावल्या. चरखा दिसताच त्यांनी वहाणा बाहेर काढल्या, हात जोडले आणि चरखा उजव्या हाती ठेवून डावीकडे वळल्या. भाजी विकणाऱ्या सीताबाई दाराशी परत आल्या त्या हसतच.

"काऊन जी मास्तर, चांगलं लुगडं उसवून सरकी केली?"

मीही त्यांच्यामागून फिरलो होतो. माझी कडवी शेवटाकडून आरंभाकडे येत होती, आणि मला तीही बरीच वाटली!

चिटणीस म्हणाले, "चरखा हलवा, नाहीतर खोली गेली समजा."

मास्तर चरख्याकडे वळून म्हणाले, "देऊळ मीच केलं. लोक प्रदक्षिणा घालून राह्यले, त्यायचं काय चुकलं? चरखा राहीन. भिंती फिरवू."

दिवस मावळायच्या आत त्यांनी सगळे फलक उलट क्रमाने लावले, सगळे हात पुसून नव्याने रंगवले. नव्या हातांना जागा हवी म्हणून माझी कडवीही पुसली. मी रुसलो. तेव्हा शिडीवरून उतरून ते म्हणाले, "तुमची कविता कानाची हाये, गुरुजी. उद्या दारात उभं राहून म्हणजो."

दुसऱ्या दिवशी मी दारात कडवी म्हटली. दोनदा क्रम चुकलो. फलकावरच्या ओल्या हाताला टेकून चिटणीसांचे धोतर निळे झाले. सीताबाई पुन्हा डावीकडे वळल्या, सरकीवरून बोंडाकडे, सुतावरून लुगड्यापाशी आल्या आणि पदर चाचपून म्हणाल्या, "आता नेसता येईन!"

चिटणीसांनी खोलीची किल्ली मास्तरांच्या हाती दिली. ती आजही त्यांच्याच कमरेला आहे.

मास्तरांना साठ वर्षे पूर्ण झाली म्हणतात. माझा विश्वास बसत नाही. त्या दालनात शिरताना आजही मी क्षणभर अडखळतो, कोणीकडे वळावे कळत नाही, आणि मग मास्तरांनी रंगवलेला हात दिसतो. तो रंगवणारा हात उदंड वर्षे निरोगी राहो, आणि मला वाट दाखवत राहो.