कृपेवर पुस्तक लिहिणारे सर

डहाणूत आमच्या शेजारी राहणारे सर ख्रिस्ती धर्मातल्या ल्युथरन पंथाचे धर्मशास्त्री आहेत. देवाची कृपा कमवावी लागत नाही, ती आपली लायकी न बघता मिळते, यावर त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिलंय. चहात साखर घालू का, एवढं विचारलं तरी ते आधी मानवी इच्छेवर बोलतात. तोवर चहा गार होतो.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाने दारूच्या नशेत वडिलांची बोट खडकावर घालून फोडली आणि तो पळून गेला. काही महिन्यांनी परत आला, तेव्हा वडिलांनी दार लावून घेतलं. तो ओट्यावरच बसून राहिला.

तेवढ्यात सर येताना दिसले. आता व्याख्यान होणार, म्हणून मी कपाळाला हात लावला.

सर त्याच्या शेजारी टेकले. "जेवलास का रे?"

"सर, मी काय करून ठेवलंय, माहितीये ना?"

"माहितीये. चल, बोंबील तळलेत."

भाऊ मान खाली घालून त्यांच्यामागे गेला. वडील खिडकीतून बघत होते. बऱ्याच वेळाने ते आईला म्हणाले, "त्यांच्याकडे पाव असेल. पोराला भाकरी लागते. गरम करून नेऊन दे."