नोरामावशीच्या दाराचा रंग

फोन आला तेव्हा मी ऋचाच्या डब्यात पोळीचा रोल भरत होते. पलीकडून नर्सनं विचारलं, "तुम्ही त्यांची मुलगी का?" मी म्हणाले, "नाही, शेजारीण." ती जरा घुटमळली. फॉर्मवर एकच नाव आहे आणि ते तुमचं आहे, म्हणाली. मग सांगितलं, की पहाटे झोपेतच गेल्या. मला रडू नंतर आलं. आधी आठवलं ते हे, की आता आयर्लंडला फोन मलाच करायचा होता, नोरामावशीच्या भावाला, डोनलला. त्या नंबरावर मी आयुष्यात एकदाच फोन केला होता, आणि त्या एका फोनपायी नोरामावशी माझ्याशी तीन महिने बोलली नव्हती.

नोरामावशी जाऊन आता सात आठवडे झाले. चित्रकार म्हणून शिकागोतल्या दोन-चार गॅलऱ्यांमध्ये तिचं नाव होतं, पण मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि तिला माझं न कळणंच आवडायचं. आम्ही शिकागोजवळ शॉमबर्गला राहायला आलो ते २००१च्या डिसेंबरात. नवऱ्याच्या, शिरीषच्या कंपनीत माणसं कमी करणं चालू होतं, माझ्या व्हिसावर मला नोकरीची परवानगी नाही, ऋचा तीन वर्षांची. दिवसभर घरात आम्ही दोघी आणि खिडकीबाहेर बर्फ. आठवडाभरात भिंतीपलीकडून असा काही उग्र वास यायला लागला, की मला वाटलं गॅस लीक झालाय. पोरीला काखोटीला मारलं आणि शेजारचं दार दणादणा वाजवलं. दार उघडलं ते एका उंच, हाडकुळ्या बाईनं. पांढऱ्या केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, हाताला निळा रंग. तिनं माझ्या पायातल्या स्लिपर्सकडे पाहिलं आणि म्हणाली, "जीव वाचवायला पळतेस ते ठीक आहे, पण मोजे तरी घालायचेस." वास टर्पेंटाइनचा होता. आमचं सगळं बोलणं अर्थात इंग्रजीतूनच चालायचं, पण मला ते आठवतं मात्र मराठीत, त्याला इलाज नाही. आईहून मोठ्या बाईला नुसतं 'नोरा' म्हणायला माझी जीभ रेटेना, म्हणून मावशी म्हणायला लागले. तिनं विचारलं, मावशी म्हणजे काय? आईची बहीण, म्हटलं. ती म्हणाली, "मला बहीण नव्हती. चालेल."

ती काम करायची तेव्हा मला स्टुलावर बसायची परवानगी होती, एका अटीवर : चित्राबद्दल बोलायचं नाही. बाकी कशाहीबद्दल बोला. मी तिला नागपूरचा उन्हाळा सांगायची आणि ती मला तिचं घर. पश्चिम किनाऱ्यावरचं लहानसं गाव, वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ही नऊ वर्षांची असताना आई गेली. मग पोरगी शाळेतून आली, की बापाची शिडी धरायची. अकराव्या वर्षापासून अक्षरं भरायला लागली. वडिलांचं एक सूत्र होतं, रंग पातळ लावायचा, वाळू द्यायचा, पुन्हा पातळ लावायचा. जाड थर म्हणजे आळशाचं काम. तीही आयुष्यभर तसंच रंगवत राहिली. धाकट्या डोनलला मात्र हात नव्हता. त्याचा 'ओ' सुद्धा एका बाजूला कलायचा. तरी वडिलांनी स्वतःच्या दुकानावर पाटी लावली ती 'आणि मुलगा' अशीच. ती पाटीही हिच्याचकडून रंगवून घेतली! हे सांगताना मावशी हसायची, पण ब्रश थांबलेला असायचा. बाविसाव्या वर्षी ती कुणाला न सांगता अमेरिकेच्या बोटीत चढली. पुढे वडील गेल्याची तार आली तेव्हा शिकागोतलं तिचं पहिलं प्रदर्शन चार दिवसांवर होतं. ती गेली नाही. डोनलचं पत्र आलं, एका ओळीचं... 'आता यायचं काही कारण उरलेलं नाही.' त्यानंतर दोघांनी एकमेकांचा आवाज ऐकला नाही.

तिच्या मागच्या खोलीत एक मोठं चित्र होतं. तिच्या माहेरच्या घराचा दर्शनी भाग. पायरीवर बसून ब्रश पुसणारे वडील, पाठमोरा डोनल, शिडीची सावली, सगळं झालेलं. फक्त घराचं दार नव्हतं. तिथे दाराएवढा कोरा कॅनव्हास. अकरा वर्षं ते असंच पडून होतं. झालं काय, की ते दार वडिलांनी पाट्यांच्या डब्यांतले उरलेसुरले रंग एकत्र करून रंगवलं होतं, त्यामुळे त्या रंगाला नावच नव्हतं आणि मावशीला तो आठवत नव्हता. निळ्याकडे झुकणारा होता, एवढंच. मी एकदा अट मोडून म्हटलं, "अगं, लाव ना कुठलाही निळा, कोण बघायला येतंय?" तिनं माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी पुढचे दोन दिवस स्टुलावर बसले नाही.

२००४च्या उन्हाळ्यात तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला. बाजूचं दिसायचं, मधलं जायचं. "तुझे कान दिसतात," ती म्हणायची, "चेहरा कुठे ठेवून आलीस?" डॉक्टरांनी सांगितलं, की वर्षभरात रंगही ओळखता येणार नाहीत. तेव्हापासून ती दुसरं काही रंगवेना. रोज त्या कोऱ्या दारासमोर बसायची, मान तिरकी करून, डोळ्यांच्या कडेनं बघत. रंग जगात एकाच माणसाला ठाऊक होता, आणि त्याला विचारायचं तर फोन उचलावा लागणार होता.

आता माझं कर्तृत्व ऐका. मी मुळातच लुडबुडी. त्या वर्षी भाऊबीजेला मी संध्याकाळी तबक घेऊन पार्किंग लॉटमध्ये उभी होते. भाऊ जवळ नसला, की आपल्याकडे चंद्राला ओवाळतात. माझा भाऊ नागपुरात, आणि बीजेची ती कोर जेमतेम अर्धा-पाऊण तास दिसणार. वाऱ्यानं निरांजन विझत होतं, शिरीष जॅकेटचा आडोसा धरून "अगं आटप ना यार, हात गोठले" म्हणून करवादत होता. मावशी दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. काय चाललंय, म्हणून विचारलंन. मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे भाऊ लांब असला तरी तुमची सुटका नाही." बस्स! एवढं पुरलं मला. माझ्या डोक्यात शंभर टक्के बसलं, की आजच्या दिवसाला बहीण-भावाचं भांडण टिकतच नाही. हे फक्त आपल्याच लोकांना वाटू शकतं, की आपला सण साऱ्या जगाला लागू आहे.

भाऊबीजेनंतरच्या शनिवारी सकाळी मी तिच्याकडे बसून तिची फोनची वही जाड मार्करनं मोठ्या अक्षरात उतरवून देत होते. विश्वासानं दिलेलं काम. शेवटच्या पानावर डोनलचा नंबर होता. मी तो उतरवला नाही. डायल केला. तिकडे एका म्हाताऱ्या माणसानं "येस?" म्हटलं आणि माझी बोबडीच वळली. जे तोंडाला येईल ते बोलत सुटले, की मी नोराची शेजारीण, तिचे डोळे चाललेत, तिला तुमच्या घराच्या दाराचा रंग हवाय, थांबा, देते... आणि रिसीव्हर तिच्या हातात कोंबला. तिनं तो कानाला लावला. एक शब्द नाही. तिकडूनही नाही. मला दोघांचे श्वास ऐकू येत होते की माझाच, कोण जाणे. मग तिनं रिसीव्हर अगदी हळू खाली ठेवला. ऋचा कोपऱ्यातून म्हणाली, "मम्मा, शी इज क्राइंग." मावशी म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं? मी अंकांसाठी तुझे डोळे मागितले होते. नीघ."

मी पुन्हा दोनदा गेले. दार उघडलं नाही. शिरीष म्हणाला, "तू कशाला मधे पडलीस? त्यांचं पन्नास वर्षांचं आहे, तुला काय वाटलं, एका कॉलनं सॉल्व्ह होईल?" भांडले त्याच्याशीही, पण त्याचं खरं होतं आणि मला लाज वाटत होती. थँक्सगिव्हिंग गेलं, ख्रिसमस गेला. भिंतीपलीकडून टर्पेंटाइनचा वास येईनासा झाला. मी रोज सकाळी उठून भिंतीला नाक लावून बघायची. वास नाही. तिचे उरलेसुरले दिसण्याचे दिवस चाललेत आणि ते माझ्यामुळे वाया चाललेत, याशिवाय मला काही सुचत नव्हतं. देवापुढे बसले तरी तेच.

फेब्रुवारीत दार वाजलं. बाहेर मावशी, बर्फात, पायात स्लिपर्स. हातात पाकीट. "वाच," म्हणाली. ना माफी, ना काही. पाकिटावर आयर्लंडचा शिक्का. आत पत्र नव्हतं. एक ओळसुद्धा नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, बोटभर लांबीची लाकडाची ढलपी. एका बाजूला रंग होता. मी ती तिच्या तळहातावर ठेवली आणि तिनं त्यावरून अंगठा फिरवला, सावकाश, पुन्हा पुन्हा. "घाईत लावलाय," म्हणाली आणि का कोण जाणे, हसली. मग विचारलं, "कुठला रंग?"

"हिरवा."

"हिरवे शंभर असतात."

"सुकायला लागलेल्या विड्याच्या पानासारखा."

"मी तुझं विड्याचं पान कधी बघितलंय? चल, बघून सांग आणि मी कालवते."

नंतरचे तीन दिवस मी विसरणार नाही. ढलपी पॅलेटशेजारी ठेवलेली, हात तिचा, डोळे माझे. मी म्हणायची जरा उजळ झाला, ती कणभर लाल घालायची. हिरव्यात लाल घालतात हे मला तेव्हा कळलं. मला घाम फुटायचा. मी चुकले तर हिला कधी कळणारही नाही, याचीच जास्त भीती. पहिल्याच दिवशी तिनं ढलपीचा एक कोपरा नखानं खरवडला आणि विचारलं, "खाली काय दिसतं?" मी निरखून पाहिलं. "निळसर काहीतरी आहे. जुना थर असेल. हा जुळवायचा का?" तिनं त्या कोपऱ्यावर अंगठा दाबून धरला. मला वाटलं, पुन्हा हाकलते की काय. मग म्हणाली, "नको. वरचाच जुळव." तिसऱ्या दिवशी दुपारी मी देवाचं नाव घेऊन "जुळला" म्हटलं. तिनं मोठा ब्रश घेतला आणि त्या कोऱ्या जागेत रंग लावला, जाड, एका दमात, ओघळ येतील असा. इतकी वर्षं पातळ थर लावणारी बाई! मला वाटलं, दिसत नाही म्हणून होतंय.

चित्राचा फोटो काढून मी डोनलला पाठवला, या वेळी तिला विचारून. उत्तर आलं नाही. तिनंही कधी विषय काढला नाही. पुढची साडेतीन वर्षं ती त्या चित्रासमोर खुर्ची टाकून बसायची, मी शेजारी स्टुलावर भाजी निवडत.

यंदा सप्टेंबरात ती गेली आणि मी तो नंबर पुन्हा लावला. डोनल एवढंच म्हणाला, "येतो." शहात्तर वर्षांचा माणूस, तीन दिवसांत येऊन पोचला. तिच्यासारखाच उंच, हाडकुळा. मी त्याला मागच्या खोलीत नेलं. तो चित्रासमोर टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "हे ते दार नाही."

तीन दिवस घाम गाळून मी चुकीचा रंग जुळवला होता तर... आणि ती साडेतीन वर्षं त्या चुकीसमोर बसली. मी कसंबसं म्हटलं, "चूक माझी आहे. रंग मी बघितला, तिला दिसत नव्हतं."

"रंग बरोबर आहे," तो म्हणाला. "पण नोरानं हे दार कधी पाहिलंच नाही. वडिलांचं दार निळं होतं. ती बोटीत बसली त्या दिवशी मी दुकानातून डबा आणला आणि संध्याकाळपर्यंत सगळं हिरवं करून टाकलं. राग आला होता. मला कुठे धड रंगवता येत होतं... दार आडोशाला आहे, म्हणून रंग टिकलाय. पुन्हा हात लावायचं मन झालं नाही. तुमचा फोन आल्यावर निळं खरवडून पाठवायचं होतं, पण हात चालेना. तशीच ढलपी काढून पाठवली. फोटो आला तेव्हा वाटलं, तिला दिसलं नसेल, फसली बिचारी. म्हणून उत्तर दिलं नाही."

मग मी त्याला सांगितलं. अंगठा फिरवून ती 'घाईत लावलाय' म्हणाली ते, आणि खालचा निळा आहे हे मी सांगितल्यावरही 'वरचाच जुळव' म्हणाली ते. रंग जाड का लावला, ते सांगता सांगता माझं मलाच कळलं. तिनं भावाचा हात ओळखला होता. अकरा वर्षं ज्या निळ्यासाठी ती झुरली, तो हाताशी आलेला असताना तिनं त्याचं दार रंगवलं, त्याच्यासारखंच. डोनल खुर्चीत बसला, तिच्याच खुर्चीत, आणि लहान मुलासारखा रडला. मी चहा टाकायला उठले, कारण मलाही तिथे थांबवेना.

चित्र तो घेऊन गेला. ढलपी मात्र त्यानं माझ्याकडेच ठेवली. ती ओवाळणीच्या तबकात ठेवलेली असते, सुपारीशेजारी. गेल्या आठवड्यात भाऊबीजेला तबक काढलं, चंद्राला ओवाळून आत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी डोनलचा फोन, हल्ली अधूनमधून करतो. म्हणाला, घरी आल्यावर दार खरवडायला घेतलं होतं, वडिलांचा निळा वर काढावा म्हणून. हातभर खरवडलंही. मग चित्राकडे लक्ष गेलं आणि थांबला.

"त्याच हिरव्याचा डबा आणलाय," म्हणाला. "खरवडलं तेवढं भरून काढतो. तुमच्याकडे ती ढलपी आहे ना? डब्यातला रंग कसा दिसतो ते मी सांगतो, तिच्याशी ताडून सांगाल का, जुळतोय की नाही? मला रंगातलं काही कळत नाही."

मी ढलपी तबकातून काढून खिडकीशी नेली. "सांगा," म्हटलं, "बघतेय मी."