सुंदरी उन्हात जेवते

मी गाव सोडलं त्या दुपारी अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगलीच्या स्टँडवर पोचवायला आले होते. लग्नाला महिना झालेला, नवरा साताऱ्यात कारखान्यात, मलाही तिथेच एका ऑफिसात नोकरी लागलेली. एसटीच्या खिडकीतून अण्णांनी डबा आत दिला. दशम्या, बिनलसणाची शेंगाचटणी, गूळ. गाडी सुटताना बाप लेकीला काय काय सांगतात. आमचे अण्णा एवढंच म्हणाले, "कराडच्या आत डबा सोड. दिवस हाय तवर खा."

आम्ही जैन, कृष्णाकाठचे शेतकरी. दिवस मावळला की आमच्या घरात जेवण नाही. अण्णा तर त्यानंतर पाणीसुद्धा घेत नसत. मी शहाण्या मुलीसारखा कराड यायच्या आधी डबा संपवला. मांडीवर ऊन होतं, बाहेर दोन्ही बाजूंना ऊस होता, आणि मला रडूही येत होतं आणि भूकही लागली होती.

सांगली ते सातारा म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे. गावाकडच्या बहिणी अजून चिडवतात, तू काय अमेरिकेला गेलीस व्हय म्हणून. पण जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना ठाऊक आहे, घर सुटायला अमेरिका लागत नाही. ऑफिस सुटून घरी पोचेपर्यंत दिवे लागलेले असायचे. सुरुवातीला मी ऑफिसातच पाच वाजता डबा उघडायची. सगळे बघायचे, मग लाज वाटायला लागली, मग सवयच गेली. पुढे नऊ वाजता, हातात मोबाइल धरून, फ्रीजमधलं गरम करून खायचं, असं माझं जेवण झालं. नियम सोड असं मला कुणी म्हणालं नव्हतं.

आई गेली आणि दोन पावसाळ्यांनी अण्णा शेताच्या बांधावरून पडले. आता एकटं ठेवणं शक्य नव्हतं. त्यांनी म्हैस विकली, जमीन माझ्या चुलतभावाकडे, आबादादाकडे, कसायला दिली आणि एका पिशवीनिशी माझ्या फ्लॅटवर आले. लिफ्टमध्ये ते चपला काढून उभे राहिले होते. आम्ही हसलो, तेही हसले. पण नंतर त्यांचं बोलणं कमी कमी होत गेलं. दिवसभर गॅलरीत स्टुलावर बसायचे. एकदा म्हणाले, "हितं एक जित्राब न्हाई. सकाळी उठायचं तरी कुणासाठी?"

ते वाक्य माझ्या जिवाला लागलं. त्याच आठवड्यात ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. ऊसतोड झाल्यावर फडात एक पिल्लू सापडलं होतं, मागचा एक पाय अधू. आई गल्लीतली आणि बाप बहुतेक कुठल्यातरी बंगल्यातला लॅब्रडॉर, त्यामुळे कान पडलेले आणि अंगकाठी मात्र गावठी. सांभाळणाऱ्या ताईंनी माझी मुलाखतच घेतली. दिवसभर घरी कोण असतं, विचारलं. मी म्हटलं, वडील. घर बघायला आल्या तेव्हा पिल्लू थेट अण्णांच्या धोतरात शिरलं. अण्णांनी विचारलं कुठलं, ताईंनी सांगितलं उसातलं. "मग आपलंच की," अण्णा म्हणाले, आणि विषय संपला.

नाव त्यांनीच ठेवलं, सुंदरी. विकलेल्या म्हशीचं नाव. कुत्रीला म्हशीचं नाव ठेवल्याबद्दल आम्ही पुष्कळ चेष्टा केली. जनावरांच्या डॉक्टरांनी अंडं द्यायला सांगितलं, तेव्हा अण्णा म्हणाले ती आमच्यात राहणार तर आमच्यासारखंच खाणार. डॉक्टर बिचारे शहाणे. त्यांनी दूध, पनीर, डाळीचा हिशेब घालून दिला आणि पिल्लू चांगलं अंगाला लागलं.

साताऱ्यात सूर्य यवतेश्वराच्या डोंगराआड जातो, आमच्या सपाट गावाच्या मानाने लवकरच. अण्णांना ते मुळीच मान्य नव्हतं. तुमच्या गावात दिवस पळतो, म्हणायचे. म्हणून गॅलरीतलं ऊन कठड्यावर चढायच्या आत ते जेवायला बसत. ताट स्टुलावर, स्वतः खाली पाटावर, शेजारी सुंदरीची ताटली. एक घास यांचा, एक तोंड तिचं. ऊन गेलं की दोन्ही ताटं धुऊन पालथी. मी दिवे लागल्यावर घरी यायची तेव्हा ती दोघं दारात असायची, आणि अण्णा रोज तेच सांगायचे, "आमी जेवलो. तुजं झाकून ठिवलंय."

रविवारी मी त्यांच्याजवळ बसायची, पण चहा घेऊन.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी अण्णा झोपले ते उठलेच नाहीत. आम्ही त्यांना गावी नेलं, नदीकाठी सगळं केलं. सुंदरी तेवढे दिवस शेजाऱ्यांकडे होती. परत आलो तेव्हा ती धावत आली, आमच्या पाठीमागे जिन्याकडे बघत राहिली, आणि मग दाराशी जाऊन पडली.

ती जेवेना. घरी आल्याआल्या मी ताटली भरायची, पनीर हाताने भरवून बघायची. ती हात चाटायची आणि तोंड फिरवायची. रात्रभर अन्न तसंच. डॉक्टरांनी तपासलं, आजार काही नव्हता. बरगड्या दिसायला लागल्या. नवऱ्याची पाळी दुपारची, तो मध्यरात्री येणार, म्हणजे दुपारपासून दिवे लागेपर्यंत तिच्याजवळ कुणीच नाही. आबादादाचा फोन आला. म्हणाला, "हिकडं आणून सोड तिला. वस्तीवर चार कुत्री हायती, त्यांच्यात जगंल." मी हो म्हटलं. माझ्या डोळ्यांदेखत ती मरायला नको होती. अण्णांचं मागे राहिलेलं तेवढंच होतं, आणि तेही मला सांभाळता येत नव्हतं.

अर्धी रजा टाकून मी घरी आले. तिची चादर घेतली, पट्टा घेतला. ताटली कुठे दिसेना म्हणून गॅलरीत गेले, तर सुंदरी तिथे होती. ऊन कठड्याजवळ आलं होतं. सकाळी नवऱ्याने धुऊन पालथी घातलेल्या ताटलीसमोर ती बसली होती आणि रिकाम्या स्टुलाकडे बघत होती.

मी ताटली सुलटी करून दूधभाकरी कुस्करली. तिने वास घेतला आणि परत स्टुलाकडे बघितलं. मी आत गेले, सकाळची भाकरी, आमटी ताटात घेतली, ताट स्टुलावर ठेवलं आणि पाटावर बसले. पहिला घास घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी चावत होते. शेजारून चपचप आवाज आला. सुंदरी जेवत होती.

ऊन जाईपर्यंत आम्ही दोघी जेवलो. मग मी दोन्ही ताटं धुतली आणि पालथी घातली. चादर पुन्हा तिच्या कोपऱ्यात टाकली. आबादादाला फोन करून सांगितलं की नाही आणत, तिचं घर इथंच आहे. बोलताना लक्षात आलं, साताऱ्यातल्या या फ्लॅटला मी पहिल्यांदाच घर म्हटलं होतं. गाव आता सणावाराला जायचं ठिकाण झालं आहे. तिथे माझी वाट बघणारं कुणी नाही. इथे आहे.

ऑफिसात मी आता सकाळी लवकर जाते आणि लवकर निघते. कुणी विचारलं तर सांगते, घरी जेवायला थांबलेत.

त्या पहिल्या संध्याकाळी गॅलरीतून आत आल्यावर मी नवऱ्याचं ताट वाढलं, वर दुसरं ताट उपडं घातलं आणि त्याला मेसेज केला, "आम्ही जेवलो. तुझं झाकून ठेवलंय."