गोठ्यातली जर्मन

इंदूवहिनी म्हशीशी जर्मन बोलत. पिंपरी गावात त्यांच्या घराची एक खोली मी भाड्याने घेतली, तेव्हा पहिल्याच सकाळी गोठ्यातून "गूटन मॉर्गन" ऐकू आलं. कुणी साहेब आला असावा म्हणून डोकावलो, तर वहिनी धार काढत होत्या. "मान्सं हसत्यात, मास्तर. म्हस हसत न्हाई," त्या म्हणाल्या. शिकलेल्या प्रत्येकाला त्या मास्तरच म्हणत.

मी पुण्याला भाषाशास्त्र शिकत होतो. परकी भाषा शिकणाऱ्यांचे अनुभव त्यांच्याच तोंडून ऐकून टिपायचे, हे प्राध्यापकांनी दिलेलं काम. त्यासाठी अर्धं पुणं पालथं घातलं होतं, आणि हवं ते माणूस घरमालकीण म्हणून समोर बसलं होतं.

वहिनींना भाषेची हौस वगैरे नव्हती. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भाऊ, छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले. नव्या कारखान्यात जर्मन तंत्रज्ञ आले होते. त्यांच्या कुटुंबांसाठीच्या दवाखान्यात थोडी जर्मन येणारी मदतनीस हवी होती. एका तंत्रज्ञाची बायको गावातल्या बायकांना शिकवत असे आणि निवडही तीच करणार होती. भाऊंची औषधं त्या पगारावर अवलंबून होती.

परीक्षेत वहिनींनी दुखणी सांगितली, भाज्या सांगितल्या, घर कुठे तेही सांगितलं. मग त्या जर्मन मॅडमनी विचारलं, "नवऱ्याचं नाव काय?" वहिनींनी मान खाली घातली. प्रश्न कळला नसेल म्हणून मॅडमनी तो सावकाश पुन्हा विचारला. वहिनी तशाच उभ्या राहिल्या आणि नापास होऊन घरी आल्या.

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे त्यांच्या मनात लहानपणापासून बसलेलं. नवरा धडधाकट असता तर एक वेळ धीर केला असता. मी म्हटलं, "वहिनी, मी मॅडमना समजावून सांगतो."

"नगं. सूट मागून मिळाल्याली नोकरी माजी न्हाई."

मॅडमनी आणखी एक संधी दिली. त्या सकाळी म्हशीपुढे सगळे धडे झाले, ते एक वाक्य सोडून. निघताना वहिनी उंबऱ्यात थांबल्या. "मास्तर, यमाला जर्मन येत आसंल का वो?"

"नाही," मी म्हटलं. भाषाशास्त्रातलं ते माझं पहिलं ठाम मत.

परीक्षेच्या खोलीच्या दाराबाहेर मी उभा होतो. मॅडमनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. "माइन मान हाइस्ट सखाराम," त्या एका दमात म्हणाल्या. नोकरी मिळाली. घरी आल्यावर त्यांनी चपला न काढता आधी झोपलेल्या भाऊंच्या छातीवर हात ठेवून पाहिला.

परक्या भाषेत शब्दांचं ओझं कमी होतं, असं प्राध्यापकांनी यावर सांगितलं. मी ते उतरवून घेतलं. पण मी तो हात पाहिला होता, त्यामुळे ते मला कधी पुरतं पटलं नाही.

भाऊ पुढे काही वर्षं जगले. ते गेल्यावर मृत्यूची नोंद करायला मी वहिनींबरोबर चावडीवर गेलो. नाव विचारल्यावर, त्या ते घेत नसत म्हणून, सवयीने मीच तोंड उघडलं. वहिनींनी हातानेच मला थांबवलं.

"माज्या मालकांचं नाव सखाराम," त्या म्हणाल्या.

नाव लिहून झालं, शाई वाळली, तरी त्या म्हणतच होत्या, "सखाराम. सखाराम."